सासूबाईंबरोबर कुटीपर्यंत

लग्नानंतर तेवीस वर्षं माझ्या सासूबाई माझ्याशी थेट बोलल्या नव्हत्या. भांडण काही नव्हतं. जावयासमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा, त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही आणि काही सांगायचंच झालं तर मधे कुणाला तरी घालून सांगायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या वयाच्या बऱ्याच बायकांनी ही रीत कधीच सोडून दिली. सासूबाईंनी सोडली नाही. परभणीला आमच्याकडे राहायला आल्या, की मी समोर बसलेलो असलो तरी त्या माझ्या बायकोला म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, च्या थंड व्हायलाय." बायको घरात नसली तर आमच्या मुलाला सांगायच्या. मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हापासून त्या टीव्हीला सांगायला लागल्या. "एवढा मोठा आवाज कुणाला लागतो काय की," असं त्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या, की मी रिमोट उचलायचो. आमचं छान चाललं होतं.

बायको शिक्षिका आहे. पूर्वी ती देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेत होती. तिथली तिची एक विद्यार्थिनी आता वनरक्षक झाली आहे आणि तिची नेमणूक जिंतूरच्या पलीकडच्या डोंगरात आहे. परभणी जिल्ह्यात जंगल आहे म्हटलं की लोक हसतात. पण आहे, थोडंसंच, त्या डोंगरांमध्ये. आणि त्या जंगलात, शेवटच्या गावापासून दीड-दोन तासांच्या चालीवर, एक संरक्षण कुटी आहे. गस्तीवरच्या माणसांना थांबायला बांधलेली. गाडी जात नाही, फोन लागत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, नुसतं येते येते म्हणता. या रविवारी याच. सीताफळं संपायच्या आत या. सरांनाही आणा."

सर म्हणजे मी. मी मोजणी खात्यात आहे. चोवीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, पण सगळ्या काळ्या आणि सपाट. डोंगर चढायचा म्हटल्यावर मी आधी नकाशा शोधला. फोनमध्ये एक उतरवून घेतला आणि विश्वास नको म्हणून दुसरा कागदावर छापून खिशात ठेवला.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. आम्ही कुठे जाणार ते त्यांनी ऐकलं आणि स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी बी येणार."

"आई, डोंगर आहे. आत चालत जायचंय," बायको म्हणाली.

"मला ठाव हाय तो डोंगर."

"तुला कसा ठाऊक?"

"ठाव हाय म्हणले ना." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि नातवाचे जुने खेळाचे बूट शोधून बाहेर आल्या. बूट त्यांना एक नंबर मोठे होते. त्यांनी पुढं कापूस भरला, नाडी घोट्याभोवती दोन वेढे देऊन बांधली आणि हॉलमधून चार फेऱ्या मारून दाखवल्या. सदुसष्ट वर्षांच्या बाईला त्यानंतर नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

रविवारी सहाला परभणी सोडली. साडेआठला डोंगराखालच्या गावात पोचलो. आमच्या वनरक्षक मुलीनं तिथल्या एका ओळखीच्या बाईकडे गाडी लावायला सांगितलं होतं. ती स्वतः पहाटेच वर गेली होती आणि कुटीवर आमची वाट बघणार होती. जेवण आम्ही नेणार होतो. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि दिवाळीच्या चकल्या. डबा माझ्या पाठीवरच्या पिशवीत.

गावाबाहेर पन्नास पावलांवर ओढा आहे. मधे दगड टाकलेत. माझी बायको, जी आठवडाभर मला "नीट चाला, वय झालं" असं सांगत होती, तिसऱ्या दगडावरून घसरली आणि पाण्यात बसली.

पाय मुरगळला होता. बोटं हलत होती, हाड मोडल्यासारखं वाटत नव्हतं, पण टेकवत नव्हतं. मी आणि सासूबाईंनी दोन बाजूंनी धरून तिला परत त्या बाईंच्या अंगणात आणलं. बाईंनी बाज टाकली, पायाखाली उशी दिली आणि हळद कोमट करायला घेतली.

"चला, आता परत जिंतूरला," मी म्हणालो. "दवाखाना बघू."

"काही नको," बायको म्हणाली. "ती पोरगी वर एकटी वाट बघत बसेल. फोन लागत नाही. दुपारपर्यंत आपण पोचलो नाही तर काळजीनं सगळा डोंगर पालथा घालेल. तुम्ही दोघं जा. जेवा आणि या. मी इथं मजेत आहे."

"आम्ही दोघं?" मी म्हणालो.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बाजेच्या खुराला सांगितलं, "जायाचं असंल तर ऊन व्हायच्या आत निघावं."

निघालो. मी पुढं, सासूबाई माझ्या दहा पावलं मागं. ओढ्याच्या डाव्या काठानं वर जायचं, झाडांच्या बुंध्यांवर पिवळे पट्टे मारलेत ते बघत राहायचं आणि खिंड ओलांडली की समोर कुटी, असं आम्हाला सांगितलं होतं. सकाळ सुंदर होती. गवत कमरेएवढं आणि वाळून सोनेरी झालेलं. ओढ्यात अजून पाणी होतं. कुठंतरी मोर ओरडत होता. अर्धा तास आम्ही एक शब्द न बोलता चाललो आणि मला त्याचं ओझं डब्यापेक्षा जास्त वाटायला लागलं.

मग मागून आवाज आला. सासूबाई एका कडुनिंबाला सांगत होत्या, "पाणी प्यायचं असंल माणसानं तर प्यावं. बाटली माझ्याकडं हाय."

मी थांबलो, वळलो आणि त्याच कडुनिंबाला म्हणालो, "द्या म्हणावं."

सासूबाईंनी बाटली एका दगडावर ठेवली. मी तिथून उचलली, प्यालो, परत तिथंच ठेवली. त्यांनी उचलली. असं आमचं बोलणं सुरू झालं. त्यांनी ओढ्याला सांगितलं की गवताची कुसळं पायजम्यात शिरायला लागली तर पायजमा मोज्यात खोचावा. मी वानराच्या एका टोळीला विचारलं की कुणाला दम लागला असेल तर बसायचं का. वानरांनी काही उत्तर दिलं नाही, पण सासूबाईंनी दिलं. "दम कुणाला लागलाय ते दिसायलंच की."

एका वळणावर वाटेत रोही उभा होता. नीलगाईचा नर, घोड्याएवढा, निळसर काळा. तो आमच्याकडे बघत उभा राहिला. मी पण उभा राहिलो. पाठीवरची पिशवी मी पुढं घेऊन पोटाशी धरली. सासूबाई माझ्या बाजूनं पुढं आल्या, पदर सावरला आणि रोह्याला म्हणाल्या, "हो रं बाबा बाजूला. आमच्यातल्या एकाला घाम फुटायलाय." रोह्यानं कान हलवले आणि शांतपणे गवतात उतरला. मला हसू आलं. पदराआड त्या पण हसत होत्या, खांदे हलताना दिसले.

पुढं ओढ्याला दोन फाटे फुटले. पिवळे पट्टे इथपर्यंत होते, इथून पुढं मला दिसेनात. फोनमधला ठिपका तर मघापासून एकाच जागी बसला होता. मी कागदी नकाशा काढून उलटसुलट करत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी त्या नकाशालाच सांगितलं, "उजवीकडनं जवळची वाट हाय. एकदा त्या उंचवट्यावर चढलं की समदा डोंगर दिसतोय. खिंड, रस्ता, समदं."

त्या इतक्या खात्रीनं बोलल्या की मी नकाशाची घडी घातली.

आता सासूबाई पुढं. बूट मोठे असूनही झपाझप. उंचवट्यावर चढलो. वर काहीही दिसत नव्हतं. चहूबाजूंनी झाडं. चिंचा, करंज, साग, मधे सीताफळाची गच्च झुडपं. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. सासूबाई थांबल्या. डावीकडे गेल्या, परत आल्या. उजवीकडे गेल्या, परत आल्या. मग आणखी वर चढलो, मग एका घळीत उतरलो, मग तीच चिंच परत दिसली असं मला वाटलं. अर्धा तास असाच गेला. त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी बघितला नव्हता.

"इथून जिंतूरचा रस्ता दिसायचा," त्या म्हणाल्या. या वेळी कुणालाच सांगत नव्हत्या. "येष्टी जाताना दिसायची. इथं एक झाड न्हवतं. एक बी न्हवतं."

मी म्हणालो, "मी जरा पुढं बघून येतो," आणि सागाच्या वाळलेल्या पानांच्या ढिगात पाय टाकायला गेलो.

"पाव्हणं, थांबा!"

माझी कॉलर मागून खेचली गेली. मी मागच्या मागं बसलो. पानांमधून कुकरच्या शिट्टीआधी वाफ सुटते तसा आवाज आला. घोणस होती. अंगावरची तपकिरी नक्षी पानांत इतकी मिसळून गेलेली, की आवाज झाला नसता तर बोट दाखवूनही मला दिसली नसती. माझा पाय तिच्यापासून हातभर अंतरावर होता. आम्ही दोघंही हललो नाही. थोड्या वेळानं ती संथपणे सरकत झुडपात गेली.

सासूबाईंच्या हातात अजून माझी कॉलर होती. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. त्यांच्या ते लक्षात आलं तशी त्यांनी कॉलर सोडली, पदर घ्यायला हात वर नेला आणि मग तो तसाच खाली आणला.

"लागलं का कुठं?" त्यांनी मला विचारलं. मला, थेट.

"नाही," मी म्हणालो. "तुम्हाला कशी दिसली?"

"ह्या डोंगरात चार वर्षं काम केलंय मी. आदी जागा बघायची, मग पाय ठेवायचा. तुमची नजर त्या कागदात."

आम्ही चिंचेखाली एका मोकळ्या दगडावर बसलो. त्यांनी बाटली या वेळी माझ्या हातात दिली. आणि मग त्या बोलायला लागल्या.

बायको लहान होती, अजून शाळेत जाऊ लागली नव्हती, तेव्हा त्या भागात काम नव्हतं आणि या डोंगरावर रोजगार हमीचं काम निघालं. डोंगर पूर्ण उघडा, नुसता मुरूम. बायांनी उतारावर आडवे चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता तिथंच मुरेल. चराच्या कडेनं खड्डे घ्यायचे. पावसाळ्यात त्या खड्ड्यांत रोपं लावायची. उन्हाळ्यात खालच्या ओढ्यातून डोक्यावर पाणी आणून घालायचं. चाळीस-पन्नास बाया होत्या. तान्ही पोरं खिंडीतल्या एका हिवराच्या झाडाला झोळ्या बांधून ठेवायच्या, कारण सावलीला अख्ख्या डोंगरात तेवढं एकच झाड होतं.

"म्हणजे ही झाडं तुम्ही लावलीत?" मी वर बघितलं. चिंचेचा घेर माझ्या कवेत मावला नसता.

"समदी न्हाई. पर ह्या अंगाची आमीच." मग त्या स्वतःशीच हसल्या. "मीच लावली आन मीच त्यात वाट चुकले, बगा."

त्यांनीच पुढं सांगितलं, सहज, पाण्याचा घोट घेतल्यासारखं.

"तुमी पोरगी बघायला आला हुता तवा तुमच्या चुलत्यानं म्हणलं हुतं, पोरगी शिकलेली हाय, पर आई मातीकामाला जाती. पाव्हण्यात सांगायचं कसं? मी दाराच्या आत हुते."

तो प्रसंग मला आठवत होता. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, सरकारी नोकरी नवी होती आणि माझ्या हातात पोह्यांची बशी होती. चुलते ते बोलले तेव्हा मी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होतो. चुलते घरातले मोठे, त्यांना कोण बोलणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. दाराआड कुणी असेल हे मनात आलंच नव्हतं.

"म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात?"

"पयलं वरीस-दोन वरीस म्हणूनच," त्या म्हणाल्या. "मग राग गेला. पोरगी सुखात हाय हे दिसलं. पर तवर सवय पडली हुती. मग एकदम बोलाय सुरुवात कशी करावी त्ये कळंना. लाज वाटायची. लोकं म्हणतील, हिला आज काय झालं?"

"मामी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"पायजे हुतं," त्या म्हणाल्या. आढेवेढे न घेता. नंतर गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "उठा आता. ती पोरगी वाट बघायली असंल."

उठलो खरं, पण जायचं कुठं? सासूबाई झुडपांत वाकून काहीतरी शोधत होत्या. सीताफळाच्या फांद्या बाजूला सारून त्यांनी मला बोलावलं. जमिनीत एक उथळ, लांबट खोलगट पट्टा होता. पालापाचोळ्यानं निम्मा भरलेला. मी एकट्यानं बघितला असता तर गुरांची जुनी वाट समजलो असतो.

"चर," त्या म्हणाल्या. "आमची चर. साहेब पाण्याची नळी घिऊन यायचा. एक टोक हिकडं, एक टोक तिकडं. दोनी कडचं पाणी सारकं असंल तरच काम पास. न्हाईतर परत खांदा."

ते ऐकलं आणि माझ्यातला मोजणीवाला जागा झाला. दोन्हीकडचं पाणी सारखं, म्हणजे हा चर कुठंही वर चढत नाही, कुठंही खाली उतरत नाही. डोंगराच्या अंगाभोवती एकाच उंचीवरून फिरतो. मी नकाशा उघडला. त्यावर सारख्या उंचीच्या रेषा असतात, मघापासून मी त्यांच्याकडे नुसताच बघत होतो. फाट्यापासून किती चढलो याचा अंदाज घेतला, तर आम्ही होतो त्या उंचीची रेषा डोंगराला वळसा घालून सरळ खिंडीत जात होती.

"मामी, हा चर सोडायचा नाही. हा आपल्याला खिंडीत नेईल."

"त्येच तर म्हणायले मी," त्या म्हणाल्या. "ह्याच चरीनं आमी भाकरी खायाला खिंडीत जायचो."

त्या तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण मी वाद घातला नाही.

चराच्या काठानं निघालो. कुठं तो बुजलेला होता, कुठं दगडांचा बांध ढासळून आत आलेला. पाच-दहा पावलं हरवायचा, आम्ही दोघं दोन बाजूंनी शोधायचो आणि ज्याला आधी सापडेल तो हाक मारायचा. सासूबाईंना बहुतेक वेळा आधी सापडायचा. वाटेत प्रत्येक झाडाला त्या हात लावत होत्या. "ही करंज. हा लिंब. ही चिंच, हिला लय पाणी घातलंय." एके ठिकाणी झाडांची ओळ मधेच विरळ होती. तिथं थांबून त्या खुदकन हसल्या.

"काय झालं?"

"ही माझ्या जावंची वळ. ती निम्माच खड्डा खांदायची. मुकादम मोजायला आला की खड्ड्यात बसून घ्यायची, म्हंजे त्याला तळ दिसू नये. म्हणायची, पोटात दुखायलंय. बगा, तिची झाडं जगली का?"

मी इतका हसलो की पाठीवरची पिशवी खाली ठेवावी लागली.

चर एका मोठ्या वळणानं फिरला आणि समोर आभाळ मोकळं झालं. खिंड. आणि खिंडीच्या पलीकडून शिट्टी. खाकी कपड्यातली एक मुलगी काठी घेऊन पळतच आमच्याकडे येत होती.

"सर! किती उशीर! मी दोनदा खिंडीच्या खालपर्यंत बघून आले. तुम्ही त्या बाजूनं कसे आलात? तिकडून वाटच नाही. आणि मॅडम कुठायत?"

मी मॅडमच्या पायाचं सांगितलं. ती चुकचुकली, मग सासूबाईंकडे वळली, "जय भीम, आजी," म्हणाली आणि वाकली. सासूबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा नीट निरखला.

"एकटी ऱ्हातीस हितं?"

"पाळी असते आजी. दोघं-दोघं असतो. आज माझा जोडीदार सुट्टीवर गेलाय."

"भ्या वाटत न्हाई?"

"जनावराचं नाही वाटत," ती म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली. त्या दोघींना एकमेकींचं कळलं असावं.

कुटी म्हणजे दोन खोल्यांचं सिमेंटचं घर, वर पत्रा, पत्र्यावर सौर दिव्याची पाटी, समोर पाण्याची काळी टाकी आणि एक छोटा ओटा. ओट्यावरून सगळी दरी दिसत होती. आम्ही हातपाय धुतले, कपड्यांतली कुसळं काढत बसलो आणि मग डबा उघडला. वांगी हिंदकळून चकल्यांत मिसळली होती. तिघांनी तशीच खाल्ली. सासूबाई, ज्या माझ्यासमोर कधी जेवल्या नव्हत्या, त्यांनी माझ्या बाजूला बसून दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेचा तिखट झालाय म्हणून आपल्या लेकीला नावं ठेवली.

जेवणानंतर मुलीनं एक वही काढली. कुटीवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करावी लागते. नाव, गाव, येण्याचं कारण. माझ्या नावापुढं तिनं 'निसर्गभेट' लिहिलं. मग सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमचंही तेच लिहू?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "लिही, लावलेली झाडं बघायला."

मुलीचं पेन थांबलं. तिला हे माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं तेव्हा ती वही बाजूला ठेवून सासूबाईंसमोर मांडी घालून बसली. "आमच्याकडं जुन्या कागदांत एवढंच आहे की इथं रोपवन केलं. कुणी केलं ते कुठंच नाही. मी रोज या झाडांतून फिरते. कुऱ्हाडवाल्यांना पकडते. पण कुणी लावली असतील असा विचारच केला नाही. जंगल आपोआपच असतं असं वाटायचं."

"आपोआप काय बी नसतंय बाई," सासूबाई म्हणाल्या आणि तिला एकेक सांगायला लागल्या. कुठल्या उतारावर काय लावलं, काय जगलं नाही, कुठला दगड फुटतच नव्हता, पाणी आणणाऱ्या बायांची रांग कुठून कुठं असायची. मुलगी वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेत होती. मी ओट्यावर पाठ टेकली आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा त्या दोघी घराच्या मागं हिवराच्या एका म्हाताऱ्या झाडाखाली उभ्या होत्या आणि सासूबाई झोळी कुठल्या फांदीला बांधायच्या ते दाखवत होत्या. त्या फांदीला कधीतरी माझी बायको टांगलेली असणार, या विचारानं मला फार मौज वाटली.

दोनला उतरायला लागलो. मुलीनं सीताफळांची पिशवी भरून दिली आणि ओढ्याच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. पिवळे पट्टे तिथं होतेच, झाडाच्या पलीकडच्या अंगाला. ती ओशाळली आणि उद्याच या बाजूनंही रंग मारते म्हणाली.

खाली बायको बाजेवर बसून त्या घरातल्या तीन पिढ्यांची माहिती गोळा करत होती. पाय चांगलाच सुजला होता, पण चेहरा ताजातवाना. आम्ही ओढा ओलांडत होतो तेव्हाच तिनं आम्हाला बघितलं होतं. मी सासूबाईंचा हात धरला होता आणि त्या मला ठणकावत होत्या की चौथ्या दगडावर नको, पाचव्यावर पाय ठेवा. ती एकदा आईकडे बघत होती, एकदा माझ्याकडे.

"तुम्ही दोघं बोलताय?"

"मग काय मुक्यानं चालावं का डोंगरात?" सासूबाई म्हणाल्या आणि बुटातला कापूस काढायला बसल्या.

जिंतूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं. पट्टी बांधली आणि तीन आठवडे शाळेत उभं राहून शिकवायचं नाही असं सांगितलं. ते तिनं पाळलं नाही.

पण कुटी आपण बघितली नाही याची तिला रुखरुख लागली. घरी त्या दिवसापासून दुसरा विषयच नव्हता. सासूबाई आणि मी जेवताना कुटीवरच्या गोष्टी सांगायचो, ती ऐकत राहायची आणि मधेच म्हणायची, "बास झालं आता." शेवटी जानेवारीत, पाय पूर्ण बरा झाल्यावर, आम्ही तिघं परत गेलो. या वेळी पिवळे पट्टे दोन्ही अंगांनी होते आणि ओढा कोरडा होता. खिंड ओलांडून बायको पुढं झाली. आम्ही पोचलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून कुटीसमोर उभी होती.

"एवढीशी?" ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी तर मला बंगला सांगितला होता."

सासूबाईंनी कुटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आपण बंगला कवा म्हणलो?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

"मग हिनं कुठून ऐकलं?" असं म्हणून त्या ओट्यावर बसल्या, पाय पसरले आणि लेकीला म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस? काढ की भाकरी."